कॉलरला लावायचा वायरलेस माइक घेताना: फोनच्या पोर्टपासून पदरापर्यंत

गेल्या उन्हाळ्यात मी वाईजवळच्या गावी आत्याकडे गेले होते, तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला. आत्या ७८ वर्षांची. पडवीच्या कोपऱ्यातलं जातं तिने स्वतः पुसून घेतलं, खुंटा ठोकून घट्ट केला आणि मूठभर गहू घालून बसली. मी नुकताच मागवलेला साडेचारशे रुपयांचा वायरलेस माइक तिच्या पदराला लावला. तासभर दळण चाललं, तासभर ओव्या. घरी येऊन ऐकलं तर जात्याची घरघर गायब! आणि ओवीच्या शेवटी आत्या जो सूर लांबवते, तो प्रत्येक वेळी मध्येच कापलेला.

माइक बिघडलेला नव्हता. त्यात नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे गोंगाट आपोआप गाळणं, कायमचं चालू होतं, बंद करायची सोयच दिलेली नव्हती. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असा त्या चिपचा हिशेब. जात्याची घरघर एकसारखी, लांबवलेला सूरही एकसारखा. दोन्ही गेले. खोक्यावर मात्र हाच गुण म्हणून ठळक अक्षरांत छापला होता.

तेव्हापासून ओळखीत कोणीही व्हिडिओसाठी माइक घ्यायचं म्हटलं की मी आधी एकच विचारते, आवाज कोणाचा आणि तो कुठे घ्यायचाय? किंमत नंतर. ज्या क्रमाने मी आता माइक निवडते, त्याच क्रमाने इथे सांगते.

पहिलं काम: जागा आणि माणूस ठरवा

एका कागदावर तीन गोष्टी लिहा. बोलणारे किती, ते फोनपासून किती लांब असतील आणि आजूबाजूला कसले आवाज असतील. ओट्याशी उभं राहून रेसिपी दाखवणारी बहीण, वर्गात फळ्यासमोर फिरणारे गुरुजी, शेतात ठिबकची नळी दाखवणारा शेतकरी आणि समोरासमोर बसून मुलाखत देणारे आजोबा, या चौघांना लागणारा माइक एक नाही.

बोलणारा एका जागी बसणार असेल आणि फोन त्याच्यापासून दोन-तीन मीटरवर असेल, तर वायरलेस घेऊच नका असं मी मनापासून सांगेन. हजाराच्या आसपास मिळणारा वायरचा क्लिप माइक त्या कामाला जास्त भरवशाचा. बोयाचा बीवाय-एमवन हा त्यातला वर्षानुवर्षं चाललेला माइक. त्याची वायर ६ मीटर लांब आहे. त्याला चार्जिंग नाही, जोडणी तुटत नाही, वाय-फायचा त्रास नाही आणि त्याच पैशातल्या वायरलेसपेक्षा आवाज बहुतेक वेळा भरीव येतो. वायरलेसचे पैसे चालण्याफिरण्यासाठी असतात. चालणंफिरणं नसेल तर ते वाचवा.

दुसरं काम: फोनचं पोर्ट आणि ओटीजी

माइकचे दोन भाग असतात. कपड्याला लावायचा तो ट्रान्समीटर, फोनला खोचायचा तो रिसीव्हर. रिसीव्हरची पिन फोनला बसली पाहिजे. हल्लीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनना टाइप-सी पोर्ट असतं. आयफोनमध्ये ते २०२३ साली आयफोन १५ पासून आलं. त्याआधीच्या आयफोनना लाइटनिंग लागतं. घरात दोन्ही प्रकारचे फोन असतील तर दोन्ही पिना देणारा संच घ्या.

कॅमेऱ्याला लावायचा असेल तर ३.५ मिलिमीटरची गोल पिन लागते, आणि तिथे एक बारीक फरक आहे. पिनेवरचे काळे पट्टे मोजा. दोन पट्टे असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर फोनची. चुकीची पिन लावली की आवाज येतच नाही किंवा खूप बारीक येतो, आणि माणूस माइकला दोष देत बसतो.

आता फोनच्या कव्हरकडे बघा. जाड रबरी कव्हर असेल तर रिसीव्हरची पिन पूर्ण आत जात नाही. दिवा लागतो, पण जोडणी हलली की आवाज तुटतो. माइक परत करण्याआधी कव्हर काढून एकदा लावून बघा.

त्यानंतर ओटीजी, म्हणजे फोनच्या पोर्टला बाहेरची वस्तू जोडून चालवायची सोय. ओप्पो, विवो, रिअलमी, वनप्लस यांच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि काही मिनिटं वापर झाला नाही की ते आपोआप बंद होतं. रेकॉर्डिंगच्या आधी चहा होईपर्यंत ते बंद झालेलं असतं! सेटिंगच्या शोधपट्टीत ‘ओटीजी’ लिहिलं की सापडतं.

तिसरं काम: खोक्यावरचे शब्द

ब्लूटूथ माइक आणि २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे स्वतःच्या रिसीव्हरला रेडिओ लहरींनी आवाज पाठवणारा, वायरलेस माइक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दुकानात मात्र एकाच रांगेत ठेवलेल्या असतात. थेट ब्लूटूथने फोनला जोडला जाणारा माइक फोनवर बोलण्याच्या पद्धतीने आवाज पाठवतो, म्हणून तो चेपलेला येतो, आणि बऱ्याचदा ओठांच्या मागे रेंगाळतो. व्हिडिओसाठी स्वतःचा रिसीव्हर असलेला माइकच घ्या. छोट्या चौकोनी डबीतच माइक आणि तीच डबी क्लिपने कपड्याला, ही घडण रोडच्या वायरलेस गो या २०१९ सालच्या माइकमुळे घरोघरच्या व्हिडिओवाल्यांना माहीत झाली. आज स्वस्तातले बहुतेक माइक त्याच घडणीचे आहेत.

रेंज २० मीटर, ५० मीटर, १०० मीटर असं लिहिलेलं असतं. हे आकडे मोकळ्या मैदानातले, मध्ये काही आड नसतानाचे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं आणि माणसाचं शरीर मुख्यतः पाणीच आहे. बोलणारा पाठमोरा झाला की त्याचं स्वतःचंच शरीर आड येतं. त्यात वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात काम करतात. रेसिपीचा व्हिडिओ करताना मागे मायक्रोवेव्ह फिरत असेल तर आवाज तुटणारच. मी खोक्यावरच्या आकड्याचा तिसरा हिस्सा खरा धरते.

४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) लिहिलेलं असेल तर बरं, कारण व्हिडिओचा आवाज सहसा त्याच मापाने ठेवतात. लेटन्सी, म्हणजे आवाज पोचायला लागणारा वेळ, २० मिलिसेकंद असेल तर काळजी नको. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या व्हिडिओत एक चित्रच सुमारे ३३ मिलिसेकंद टिकतं, तेवढ्यात फरक दिसत नाही. बॅटरी पाच-सहा तास लिहिलेली असते, नव्या माइकची ती बऱ्यापैकी खरी निघते.

आता ज्याकडे कोणी बघत नाही, पण मी आधी तेच शोधते, त्या गोष्टी.

नॉइज कॅन्सलेशन बंद करता येतं का? काही माइकमध्ये पॉवरचं बटण एकदा हलकं दाबलं की ते चालू-बंद होतं आणि दिव्याचा रंग बदलतो. बंद करता येत नसेल तर गाणं, वाद्य, ओवी, कीर्तन, पक्ष्यांचे आवाज, यातलं काहीही त्या माइकवर घेऊ नका. रस्त्यावर उभं राहून बोलण्यापुरता तो ठीक आहे.

आवाजाची पातळी कमी-जास्त करता येते का? निदान तीन पायऱ्या तरी हव्यात. हळू बोलणाऱ्या आजी आणि खड्या आवाजाचे कीर्तनकार यांना एकच पातळी चालत नाही.

दोन माइकचा संच असेल तर दोघांचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर येतो की एकत्र कालवून येतो? अगदी स्वस्तात तो एकत्रच येतो. मग आजोबा बोलत असताना तुम्ही खोकलात तर तो खोकला नंतर काढता येत नाही. मुलाखती करणार असाल तर स्टिरिओ मोड असलेला संच घ्या, त्यात एक माइक डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला नोंदवला जातो.

रिसीव्हरला चार्जिंगचं वेगळं भोक आहे का? फोनचं एकुलतं एक पोर्ट रिसीव्हरने अडवलेलं असतं. तासाभराचं व्याख्यान घेताना फोन २० टक्क्यांवर आला की याची किंमत कळते. आणि सोबत केसाळ टोपी, म्हणजे वारा अडवणारं फरचं आवरण, आहे का? पातळ स्पंज पंख्याच्या वाऱ्याला कसाबसा पुरतो, माळरानावर त्याचा उपयोग नाही.

चौथं काम: पैसे

तीनशे ते सातशे रुपयांत मिळणारे माइक, ज्यांच्यावर के८, के९ अशी नावं असतात, ते एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात, फक्त वरचा छाप वेगळा. के८ म्हणजे सहसा एक माइक, के९ म्हणजे दोन. बोलणं कळतं. आवाज पातळ येतो, वर सांगितलेलं नॉइज कॅन्सलेशन अनेकदा बंद होत नाही आणि एकाच नावाच्या दोन नगांत फरक निघतो. पहिल्यांदा व्हिडिओ करून बघणाऱ्या, हे आपल्याला जमेल का ते तपासणाऱ्या माणसाने हा घ्यायला हरकत नाही. पण परत न मिळणारा आवाज यावर घेऊ नका.

दीड हजार ते साडेतीन हजार, इथे खरी निवड करायची असते. नॉइज कॅन्सलेशनचं बटण, पातळीच्या पायऱ्या, फरची टोपी, चार्जिंगची डबी, हे सगळं या टप्प्यात मिळू लागतं. बहुतेक शिक्षकांनी, शेतीचे व्हिडिओ करणाऱ्यांनी आणि घरून रेसिपी दाखवणाऱ्यांनी इथेच थांबावं.

त्याच्या वर हॉलीलँडचे लार्क, डीजेआयचा माइक मिनी असे माइक लागतात. वजन दहा ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे पातळ कपड्यालाही लोंबत नाहीत, आणि आवाज खरंच स्वच्छ. महिन्याला एखादाच व्हिडिओ करत असाल तर एवढे पैसे घालायची गरज नाही. आठवड्याला चार करत असाल, किंवा लोकांकडून कामाचे पैसे घेत असाल, तर घाला.

पाचवं काम: परतीची मुदत संपायच्या आत तपासणी

माइक आला की त्याच दिवशी अर्धा तास काढा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ घेऊन ठेवा, बदलून घ्यायची वेळ आली तर तो कामी येतो.

माइक लावा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि बोटाने आधी क्लिप माइकवर आणि मग फोनच्या खालच्या कडेवर टिचकी मारा. नंतर ऐका. क्लिप माइकची टिचकी मोठी आली तर ठीक. फोनची मोठी आली तर तुमचा कॅमेरा ॲप अजूनही फोनच्याच माइकवरून आवाज घेतोय. हे फार होतं. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये प्रो व्हिडिओ मोडमध्ये माइक निवडता येतो. नाहीतर ओपन कॅमेरा हे मोफत ॲप घ्या आणि त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये आवाजाचा स्रोत म्हणून बाहेरचा माइक निवडा.

रेकॉर्डिंग ऐकताना रिसीव्हर काढून ऐका. तो लावलेला असताना अनेक फोन आवाज त्याच्याकडेच पाठवतात, आणि त्याला स्पीकर नसतो. काहीच ऐकू येत नाही म्हणून चांगला माइक परत पाठवलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग या चार चाचण्या करा:

१. पंखा बंद करून ३० सेकंद गप्प बसा. इअरफोन लावून ऐका. बारीक ‘सूं’ बहुतेक स्वस्त माइकना असतो. पण टिकटिक, शिट्टी किंवा गुणगुण असेल तर नग बदला.

२. एकसष्टपासून अडुसष्टपर्यंत मोठ्याने मोजा. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट... प्रत्येक आकड्याला ‘ष्ट’ येतो, आणि स्वस्त माइकचा दोष इथेच उघडा पडतो. तो ‘ष्ट’ कानाला टोचला किंवा सगळे आकडे सारखेच ऐकू आले, तर बोलणंही तसंच येणार. लगेच ‘पापड, फणस, भाकरी, फोडणी’ म्हणा. प, फ, भ ला धप्प आवाज आला तर माइक तोंडाच्या फार जवळ आहे किंवा त्यावर स्पंज नाही.

३. आकडे मोजतच फोनकडे पाठ करून दहा-बारा पावलं चाला, वळून परत या. पाठमोरे असताना कुठे तुटलं ते लक्षात ठेवा. तीच तुमच्या माइकची तुमच्या घरातली खरी रेंज.

४. कॅमेऱ्यासमोर जोरात टाळी वाजवा, मग १५ मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवून शेवटी पुन्हा एक टाळी वाजवा. दोन्ही टाळ्यांना हात जुळणं आणि आवाज येणं एकाच वेळी झालं पाहिजे. पहिली जुळली आणि शेवटची मागे पडली तर लांब व्हिडिओत ओठ आणि शब्द फारकत घेणार.

सहावं काम: माइक लावायचा कसा

साडेतीन हजारांचा माइक चुकीच्या जागी लावला तर तो पाचशेच्या माइकसारखा ऐकू येतो. जागा सोपी आहे, हनुवटीखाली वीतभर. अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो आणि खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. पोटाजवळ लावलेल्या माइकचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो तो यामुळे.

शर्टाला दोन बटणांच्या मध्ये पट्टीवर लावा. कॉलरच्या टोकाला लावला तर मान वळली की आवाज कमी-जास्त होतो. टी-शर्ट आणि कुर्त्याला चुंबकाची क्लिप बरी पडते. पण ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांच्या छातीशी चुंबक नेऊ नका. मुलाखत ज्येष्ठ माणसाची असेल तर हे आधी विचारूनच घ्या.

साडीला जास्त लक्ष द्यावं लागतं. पदर सारखा सरकतो, रेशमी पदर खसखसतो, कडक इस्त्रीची सुती साडी तर त्याहून. मी पदराला खांद्यावर पिन लावायला सांगते आणि माइक पदराच्या आतल्या बाजूला न लपवता, छातीशी आडव्या येणाऱ्या काठावर लावते, कारण काठ जाड असतो, तो लोंबत नाही. मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटतात. त्यासाठी मंगळसूत्र काढायला सांगू नये, थोडं बाजूला घेऊन ब्लाउजच्या कडेला सेफ्टी पिनेत अडकवायचं. हातातल्या काचेच्या बांगड्या मात्र येऊ द्याव्यात. भाकरी थापताना, जातं ओढताना बांगड्यांचा आवाज हा त्या कामाचाच आवाज आहे.

खोली रिकामी असेल, नव्या स्लॅबच्या घरात तर असतेच, तर आवाज घुमतो. बोलणाऱ्याच्या समोरच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, दोरीवर गोधडी टांगा. एक खाली अंथरा. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद. फ्रिज बंद केलात की फोनवर गजर लावून ठेवा, नाहीतर तो बंदच राहतो. फोन फ्लाइट मोडवर टाका. खेड्यात पाण्याची मोटर आणि पिठाची गिरणी कधी चालू असते ते विचारून वेळ ठरवा. आमच्या आत्याच्या गावात सकाळी साडेसहाची वेळ सगळ्यात शांत.

पातळी बघायची सोय ॲपमध्ये असेल तर मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याही ॲपने सांधला जात नाही. बारीक आलेला मात्र थोडा वाढवता येतो.

आत्याकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा वायरचा माइक नेला. वायर पाठीमागून पदराखालून काढली, म्हणजे जातं ओढताना हात अडकू नये. जात्यासाठी वेगळा माइक ठेवला नाही, जात्याची घरघर आत्याच्या माइकमध्ये येते तेवढी पुरेशी होती. पहिली ओवी झाल्यावर थांबवून इअरफोनने ऐकली. शेवटचा सूर पूर्ण आला होता. मग इअरफोन तिच्या कानाला लावले. ती म्हणाली, “दाणं संपलं व्हतं, म्हणून जातं लई वाजतंय.” पुन्हा गहू घातले आणि सुरुवातीपासून गायली.

जपणूक

वायरलेस माइकमधली बॅटरी सहसा बदलता येत नाही, त्यामुळे तिची काळजी घ्यावी लागते. पूर्ण रिकामी करून महिनोन्महिने ठेवू नका. वापर नसेल तर दोन महिन्यांतून एकदा निम्म्याच्या वर चार्ज करा. पावसाळ्यात, कोकणात आणि घाटमाथ्यावर विशेषतः, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. बुटांच्या खोक्यात येते ती चालते. फरची टोपी भिजली तर काढून सावलीत वाळवा, माइकवरच वाळू देऊ नका. आणि कार्यक्रम संपला की माणसाच्या कपड्यावरचा माइक आधी काढून घ्या, मग बाकीची आवराआवर. लग्नाच्या व्हिडिओत पाहुणे माइक लावूनच गाडीत बसून गेल्याचं मी दोनदा पाहिलं आहे.